दर एकादशीला अर्धी गुंज

१२ जानेवारी १९५८, संक्रांतीला दोन दिवस होते. शहाद्याच्या सरकारी दवाखान्याबाहेर औषधासाठी एक रिकामी बाटली घेतली, चार आण्यांना. हजर तिघं: मी, माझी बायको आणि माझी फुई. आमच्या गुजर घरांत वडिलांच्या बहिणीला फुई म्हणतात. फुई तेव्हा पासष्टीच्या आसपास होती. नक्की साल कोणालाच सांगता येत नव्हतं.

त्या काळी दवाखान्यात औषध फुकट मिळे, बाटली मात्र आपली न्यावी लागे. फाटकाशी एक माणूस बाटल्या घेऊन बसायचा. धुतलेली जुनी दोन आण्यांना, नवी चार आण्यांना. मी जुनी उचलली तशी फुईने माझं मनगट धरलं आणि त्याला विचारलं,

"हाई शीशीमा पहिले काय व्हतं?"

"औषध, आजी."

"औषधना पहिले?"

"औषधना पहिले काच व्हती. तेना पहिले वाळू."

फुई हसली नाही. दारूबंदीचे दिवस होते, तरी दारूच्या बाटल्या कुठून कुठे फिरतात हे तिला ठाऊक होतं. मी नवी बाटली घेतली. ती तिने स्वतः हुंगून पाहिली, आणि तरी मला विचारलंच, "भाऊ, यामा दारू तं नव्हती ना?"

"नही फुई, यामा दारू नव्हती," मी म्हणालो.

बाटलीपुरतं ते खरं होतं.

बाटली कशासाठी ते सांगतो. फुई अफू खात असे. बाराव्या वर्षी ती विधवा झाली आणि आजोबांनी तिला तापीकाठच्या आमच्या गावी परत आणलं. विशीत तिच्या पोटात कळा येऊ लागल्या. आजोबांनी अफूची गोळी दिली. कळा गेल्या, गोळी राहिली. चाळीस वर्षं तिचा दिवस असा चालला: सकाळी आंघोळ, तुळशीला पाणी, गोळी, मग पोथी, संध्याकाळी दिवा लावला की दुसरी गोळी. घरात याला कोणी व्यसन म्हणत नव्हतं. तिच्या नावाचं सरकारी कार्ड होतं आणि त्यावर सरकारमान्य दुकानातून मोजून अफू मिळे. तिला रोजच्या नऊ गुंजा लागत. गुंज म्हणजे सोनाराच्या ताजव्यात असते ती लाल बी. नऊ गुंजा म्हणजे मासाभराहून थोडी जास्त.

दारूचं मात्र तिच्याकडे वेगळं होतं. तरुणपणी गुरूकडून गळ्यात तुळशीची कंठी घेताना तिने दारू आणि मांस कधी तोंडी लावणार नाही असं वचन दिलं होतं. ज्या घरी मोहाची दारू गाळतात त्या घरचं ती पाणी घेत नसे. आमचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, खापरच्या डोंगराळ बाजूचा होता, तिकडे दारू घरोघर. तो तिला चिडवायचा, "फुई, आमनी पिवानी, तुमनी खावानी. सरकारनी आमनी पहिले बंद करी, आते तुमनी."

फुई म्हणायची, "तू पिसन नाचस. मी खाईसन दळस. फरक शे ना काही?"

फरक होता हे खरं. अफू खाऊन तिने जन्मभर घरचं दळण दळलं, चार बाळंतपणं काढली, कापसाच्या दिवसांत पंचवीस माणसांच्या भाकरी थापल्या. तिच्या हातून काही वावगं झालेलं मी पाहिलेलं नाही. पण सालदाराचं बोलणंही खरं ठरत होतं. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्याआधी अफूची दुकानं बंद होणार, कार्डं रद्द होणार, असं कळलं होतं. ब्राह्मणपुरीकडचा एक म्हातारा अफू एकदम तुटल्यावर जुलाब होऊन आठवड्यात गेला, हे सगळ्यांना माहीत होतं. फुईला दमा होता. एकदम तुटली तर ती टिकणार नाही, असं डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं.

डॉक्टर देशावरचे, चाळिशीचे, बोलायला कोरडे पण कामाला पक्के. त्यांची पद्धत अशी: कार्ड दवाखान्यात जमा करायचं. दुकानातली अफू किंवा दवाखान्याचं औषध, दोन्हीतलं एकच. बाटलीत अफूचं औषध आणि किराइताचा कडू काढा. बाटलीवर खाचा पाडलेली कागदाची पट्टी, एका खाचेइतकं सकाळी, एका खाचेइतकं संध्याकाळी. पहिले दोन आठवडे अंगाला बसू द्यायचं. मग दर आठवड्याला औषध थोडं कमी आणि काढा तेवढाच जास्त. पट्टी तीच, रंग तोच, कडूपणा तोच. तीन महिन्यांत बाटलीत नुसतं किराईत उरतं आणि पुष्कळदा पेशंटला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही.

"न कळणंच बरं," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "कमी झालं हे कळलं की माणसाला लगेच त्रास सुरू होतो. नाही कळलं तर अर्धा त्रास होतच नाही."

यात खोटं काही नव्हतं. त्यांच्या हातून अशी माणसं सुटली होती.

दोन आठवडे ठीक गेले. फुई आंघोळ करून तुळशीसमोर उभी राही, पट्टीवर नखाने खूण धरून औषध ओती, घेई, वर पाणी पिई. "कडू शे, पन बरी शे," म्हणाली. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मी बाटली भरून आणायला गेलो. पुढे दर आठवड्याला किती अफू उरेल याचा मला आकडा हवा होता, म्हणून बाटलीत नेमकं काय आणि किती, ते मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी समजावून सांगितलं: अफू स्पिरिटात विरघळवून ठेवतात, नुसत्या पाण्यात ती टिकत नाही, याला टिंक्चर म्हणतात.

"स्पिरिट म्हणजे दारूच ना?" मी विचारलं.

"दारूतला दारूपणा म्हणा," ते म्हणाले. "पण हे औषध आहे."

घरी येईपर्यंत माझा आकडा जुळला होता. फुई दिवसाला चहाच्या चमचाभराइतकं स्पिरिट घेत होती. चुलीपाशी मी बायकोला सांगितलं.

"मंग?" ती म्हणाली.

"मंग तिले सांगनं पडी."

"कसाले? दवाई शे ती. कोन्ही दारू म्हनीसन पी नही ऱ्हायनं. तीन महिनानं काम शे. चूप बसा."

"तिनी माले इचारं व्हतं."

"शीशीनं इचारं व्हतं."

"तिले शीशीमानं इचारनं व्हतं, हाई तुलेबी माहीत शे."

बायकोने पीठ मळता मळता हात थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी ओसरीवर जाऊन फुईला सांगितलं. आजही मला वाटतं की ते सांगायलाच हवं होतं. तिच्याकडे स्वतःचं म्हणावं असं फारसं काही नव्हतं. नवरा नाही, मूल नाही, घर भावाचं. तो एक नेम तिचा होता, आणि तो राहिला की मोडला हे तिच्याखेरीज दुसऱ्याने ठरवायचं नव्हतं.

फुईने ऐकून घेतलं. बाटली उचलून तुळशीपासून लांब, गोठ्याच्या भिंतीवर ठेवली. पुन्हा आंघोळ केली आणि आत जाऊन निजली. संध्याकाळी दिवा लावायला उठली, पण औषध घेतलं नाही.

कार्ड दवाखान्यात होतं, म्हणजे घरात अफू नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारपासून तिला जांभया सुरू झाल्या, एकामागून एक, जबडा दुखेपर्यंत. नाकाडोळ्यांतून पाणी. अंगावर सारखा काटा. तिसऱ्या दिवशी पोटऱ्यांत गोळे आणि जुलाब. बायको तिचे पाय चोळत बसली होती. मी दारात गेलो तर मान वर न करता म्हणाली, "तुमना हिशोब बराबर ऊना. आते बाईनं काय?"

हिशेब माझा बरोबर आला होता. सालदाराला गाडी जुंपायला सांगितली, गाडीत गवत घालून वर गोधडी टाकली आणि आम्ही फुईला शहाद्याला नेलं.

डॉक्टरांनी तिला बाकावर निजवून नाडी पाहिली, मीठ-साखरेचं पाणी पाजायला लावलं. मग सगळं ऐकून माझ्याकडे असे पाहत राहिले की मला मान खाली घालावी लागली.

"आजी," ते म्हणाले, "चाळीस वर्षं अफू चालली आणि चमचाभर स्पिरिट चालत नाही?"

"अफू मन्हा बापनी दिधी," फुई निजल्या निजल्या म्हणाली. "दारूनं वचन मी गुरुले दिधं."

"औषधाला दोष नसतो."

"डॉक्टर, तू मटन खास का?"

आमच्याकडे बायका कलेक्टरलाही 'तू' म्हणतात. डॉक्टरांना ते एव्हाना सवयीचं झालं होतं.

"नाही," ते म्हणाले.

"औषध म्हनीसन दिधं तं?"

"आजार बघून ठरवीन."

"मंग मन्हा आजार मी देखी ऱ्हायनी."

कंपाउंडर तोंड फिरवून हसला. डॉक्टरांनी दुसरी वाट काढून पाहिली. औषध गरम पाण्यावर धरून तापवलं तर स्पिरिट उडून जातं, खाली फक्त अफू राहते, ते म्हणाले.

"उडी जाई," फुई म्हणाली. "पन ऊनी व्हती ना? पाव्हना जेवीसन निंघी गया तरी तो घरमा ऊनाच व्हता."

"आजी, आणखी दोन दिवस असे गेले तर तुम्ही जाल."

"जासू. कंठी लिसन जासू."

हे तिने धमकीसारखं म्हटलं नाही. बाजारला जाते म्हणावं तसं म्हणाली. माझी बायको एवढा वेळ तिच्या उशाशी उभी होती. ती डॉक्टरांना म्हणाली, "साहेब, कोरडी नही का भेटत? पुडी करीसन?"

कोरडी भेटत होती. दवाखान्यात अफूची भुकटी थोडीशी ठेवलेली असे. डॉक्टर म्हणाले, तिच्यात जेष्ठमधाची पूड घालून मी पुड्या बांधून देतो, दर आठवड्याला अफू कमी, जेष्ठमध जास्त, वजन सारखं.

"पुडीमा काय शे ते कोन सांगी?" फुईने विचारलं.

"मी सांगतोय ना."

"त्या रोज मी शीशीनं इचारं, आतलं इचारं नही. मन्ही चूक. आते मन्हा डोळासमोर अफू, मन्हा डोळासमोर जेष्ठमध. गोळी मन्हा हातनी."

यावर डॉक्टर उठूनच उभे राहिले. अफू खाणाऱ्याच्या हातात अफू देऊन तूच कमी करत जा म्हणायचं, हे आपल्या नोकरीत आपण कधी केलं नाही आणि करणार नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यांचं चूक नव्हतं. पंधरा दिवसांची अफू दोन दिवसांत संपवून माणसं पुन्हा दारात आलेली त्यांनी पाहिली होती, आणि एक तर आलाच नव्हता. मी कागदावर हमी लिहून देतो म्हणालो. "तुमची हमी तुमच्या हिशेबाची," ते म्हणाले. "भूक तिची आहे."

शेवटी त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, "कुलूप आहे तुमच्याकडे?"

"शे."

"चावी कुठे ठेवाल?"

तिने गळ्यातल्या दोऱ्याला हात लावला.

तडजोड अशी ठरली. पंधरा दिवसांची अफू डॉक्टर आधीच कमी करून, वजन करून देणार. ती बायकोच्या कुलूपबंद डब्यात राहणार. फुई बायकोसमोर गोळ्या वळणार आणि गोळ्याही लगेच कुलपात जाणार. रोज दोन गोळ्या, सकाळ-संध्याकाळ, बायकोच्या हातून. उरली एकच अडचण. डॉक्टरांना दर आठवड्याला कमी करायचं होतं.

"आठवडा तुन्हा," फुई म्हणाली. "एकादशी मन्ही. एकादशीले मी कमी करसू. तो नेम व्हई, नेम मी मोडस नही."

मी तिथेच हिशेब केला. आतापासून कार्तिकी एकादशीपर्यंत नऊ महिने, म्हणजे अठरा एकादश्या. रोजच्या नऊ गुंजा. दर एकादशीला अर्धी गुंज कमी केली तर कार्तिकीला बरोबर शून्य. दुकानं बंद होण्याच्या बरंच आधी. मी हे मोठ्याने सांगितलं आणि डॉक्टरांनी मान हलवली.

"वीस," फुई बाकावरून म्हणाली.

"वीस कशा?"

"यंदा धोंड्या महिना शे, भाऊ. दोन एकादश्या जास्त. तुले शाळामा कोनी शिकाडं?"

अधिक महिना मी धरलाच नव्हता. डॉक्टर त्या दिवशी पहिल्यांदा हसले. "त्या दोन शिल्लक राहू द्या," ते म्हणाले. "लागतील."

त्यांनी तिथल्या तिथे पहिली पुडी बांधून दिली. फुईने बाकावर बसून, कापऱ्या बोटांनी, स्वतः गोळी वळली. तासाभरात जांभया थांबल्या.

माघ वद्य एकादशीला पहिली अर्धी गुंज कमी झाली. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी मी दवाखान्यातून अफूची पुडी आणायचो आणि बाजारातून जेष्ठमध. दशमीला बायको आणि फुई ओसरीवर बसायच्या. मध्ये खल, एका कागदावर काळसर भुकटी, एका कागदावर पिवळी. गोळीचा आकार फुई तोच ठेवी, पण तिला रंग दिसत होता. काळं उतरत चाललं होतं आणि पिवळं वाढत होतं. डॉक्टर जे लपवून करणार होते ते ती डोळ्यांनी बघत, स्वतःच्या हातांनी करत होती. मी या दोन्ही पद्धतींचा पुष्कळ विचार केला आहे. डॉक्टरांच्या पद्धतीत तिला त्रास कमी झाला असता, याबद्दल मला शंका नाही. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, ती ठीक होती. पुढे पुढे झोप उडाली, जेवण तुटलं, स्वभाव बिघडला. आमच्या पोरांवर ओरडायची, मग त्यांना जवळ घेऊन रडायची. चाळीस वर्षांत आम्ही तिला अशी पाहिली नव्हती. कधी वाटायचं, या वयात हिला कशासाठी हे, दोन वर्षांची अफू कुठूनतरी मिळवून ठेवावी आणि खाऊ द्यावी. मग वाटायचं, ती संपल्यावर काय?

धोंड्या महिन्यात, तीन गुंजांवर, ती अडली. एका दुपारी मी शेतातून लवकर आलो तर फुई बायकोसमोर बसलेली होती, पदर तोंडाशी.

"बहू, संध्याकायनी आते दे."

"फुई, मंग संध्याकायले?"

"संध्याकायले मी काही मांगाव नही."

"मांगशात."

"मांगसू तं दे नको! मन्हा पायमा कुत्रा चावी ऱ्हायनात, तुले काय कळस?"

माझ्या बायकोने गळ्यातला दोरा काढला, चावी फुईच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "ह्या ल्या. मी आडवी येत नही. पन एकादशी तुमनी शे, फुई, मन्ही नही. मी फक्त कुलूप लावस."

मी उंबऱ्यातच थांबलो. मध्ये पडावंसं वाटलं, पण त्या दोघींच्यात माझं काही काम नव्हतं. फुई चावीकडे बघत बसली. मग दोन बोटांनी चावी बायकोकडे सरकवली.

"ठेव," ती म्हणाली. "पाय चोळ मन्हा."

त्या महिन्यातल्या दुसऱ्या एकादशीला काहीच कमी केलं नाही. शिलकीतली एक एकादशी तिथे खर्ची पडली. दुसरी आश्विनात, शेवटच्या अर्ध्या गुंजेवर. ती अर्धी गुंज एवढीशी, गोळीत शोधूनही दिसू नये इतकी, पण तिच्यापाशी फुई महिनाभर थांबली. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांचं असंच होतं; शेवटचं थोडं सगळ्यात जड जातं.

कार्तिकी एकादशीला द्यायला गोळीच नव्हती. बायकोने सवयीने डबा उघडला आणि बंद केला. फुईने तुळशीला पाणी घातलं, पोथी काढली आणि वाचायला बसली. तिचा आवाज नीट लागत नव्हता. मध्येच थांबायची, पाय हलवायची, पुन्हा ओळ धरायची. त्या रात्री ती झोपली नाही, पुढचे कित्येक दिवस नीट झोपली नाही. पण तिने काही मागितलं नाही, आणि जुलाबही झाले नाहीत. पुढे आठ वर्षं ती जगली. झोप मात्र तिला पहिल्यासारखी कधी लागली नाही, हेही सांगायला हवं.

नेम पुरा झाला की उद्यापन करायचं, दक्षिणा द्यायची, हा आमचा रिवाज. द्वादशीला फुईने मला गाडी जुंपायला लावली आणि तिघं पुन्हा शहाद्याला गेलो. तिने डॉक्टरांपुढे अकरा रुपये ठेवले. नऊ महिने दुकानातून अफू घ्यावी लागली नव्हती, त्यातले ते उरलेले.

"आजी, मी सरकारी नोकर," डॉक्टरांनी हात मागे घेतले. "घेता येत नाही. घेतले तर नोकरी जाईल."

"मंग कोनले देऊ? नेम पुरा व्हस नही दिधाबिगर."

"ज्याने काम केलं त्याला द्या," असं म्हणून ते पुढच्या पेशंटकडे वळले.

फुईने पैसे पदरात बांधले. मला वाटलं, आता देवळात देईल. घरी आल्यावर तिने तुळशीसमोर पाट मांडला आणि माझ्या बायकोला त्यावर बसायला सांगितलं. बायको संकोचली. सासरच्या वडीलधाऱ्या बाईने सुनेला पाटावर बसवून दक्षिणा द्यायची, असं आमच्याकडे कुठेच नाही.

"फुई, मी काय करं? मी तं कुलूप लावं नि उघडं."

"तेच," फुई म्हणाली. "बठ."

अकरा रुपये रोख आणि एक हिरवं लुगडं दिलं, माझ्या बायकोला.